जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताय? आधी गिअरबॉक्स बघा
अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या ट्रॅफिकमध्ये झिजलेल्या ऑटोमॅटिक गाड्या जुन्या बाजारातून गावाकडेही येतात. घेताना गिअरबॉक्सचा प्रकार आधी विचारा.

एएमटी : २०१४च्या मारुती सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत आला. आत साधीच क्लच प्लेट. थांबत-चालत झिजते, पण बदलता येते.

सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर : चालवायला मऊ, पण बिघडला तर खर्च मोठा.

लक्षणे : गिअर टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, झटके देते, इंजिन ओरडते पण वेग येत नाही. गिअर ऑइल काळे, जळक्या वासाचे असेल तर सौदा थांबवा.

बंद पडल्यास : सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरची गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असले की आत ऑइल फिरत नाही, भाग घासून जळतात. टेम्पोवर चढवूनच न्या.