दहा रुपयांच्या ताटाचा हिशेब

1995 मध्ये युती सरकारने 1 रुपयात झुणका-भाकर द्यायचे ठरवले, तेव्हा उपमुख्यमंत्री होते परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे. ज्वारी पिकवणाऱ्या आणि दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्याला हे ताट काय असते ते सांगावे लागले नाही. रुपयात भाकरी परवडत नाही, हेही इथल्या कुठल्याही बाईने तव्यावरूनच सांगितले असते. उरलेला खर्च सरकारी अनुदानातून भागायचा. शिवाय केंद्रचालकाला मिळायची मोक्याची जागा. 2000 साली आघाडी सरकारने योजना गुंडाळली. जागा मात्र अनेक ठिकाणी चालकांकडेच राहिल्या आणि झुणक्याच्या पाटीखाली वडापाव, चहा विकला जाऊ लागला.

स्वस्त सरकारी ताटाचा दुसरा प्रयत्न झाला 26 जानेवारी 2020 रोजी. शिवभोजन थाळीची केंद्रे आधी जिल्ह्यांच्या मुख्यालयी उघडली आणि कोरोनाकाळात तालुक्यांपर्यंत पोहोचली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण आणि भात, दुपारी 12 ते 2, दर 10 रुपये. चालक म्हणून खानावळी, बचत गट, सामाजिक संस्था चालणार होत्या. जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर चढवायचा.

खरी मेख हिशेबात आहे. थाळीची किंमत शहरी भागात 50 रुपये धरली होती, ग्रामीण भागात 35. म्हणजे शहरात ग्राहकाचे 10, सरकारचे 40. दिवसाला 150 थाळ्यांची मर्यादा गाठणाऱ्या केंद्राच्या गल्ल्यात रोख पडतात 1,500 रुपये आणि येणे राहते 6,000. महिन्याचे 26 दिवस धरले तर ते होते 1 लाख 56 हजार. नेहमीच्या हॉटेलात जेवण संपले की पैसे हातात येतात, वाण्याची उधारी त्यातूनच फिटते. इथे उत्पन्नाचे पाचातले चार भाग सरकारी बिलावर. अनुदान दोन महिने लांबले की बचत गटाच्या बायका प्रत्यक्षात सरकारला बिनव्याजी तीन लाख उसने देत असतात.

टाळेबंदीत दर 5 रुपये झाला, 2021 मध्ये काही महिने थाळी मोफत होती. उपाशी माणसासाठी ते योग्यच होते. पण त्या महिन्यांत केंद्राचा रोजचा रोख आधार पूर्ण तुटला. सगळी भिस्त सरकारी बिलाच्या मंजुरीवर. पुढे दर पुन्हा 10 वर आला, तरी बिले थकल्याच्या तक्रारी राज्यभरातून येत राहिल्या. अशा वेळी पहिला बंद पडतो तो लहान चालक. ज्याचे दुसरे हॉटेल आहे तो तग धरतो.

तमिळनाडूत 2013 मध्ये अम्मा उणवगम हे स्वस्त उपाहारगृह सुरू झाले, ते चेन्नई महापालिकेने स्वतः चालवायला घेतले; स्वयंपाक बचत गटांच्या बायकांचा, तोटा पालिकेच्या अंदाजपत्रकात. महाराष्ट्राने तोच भार छोट्या खानावळीच्या वहीत टाकला. आणि ज्वारीच्या मुलखातही सरकारी ताटात भाकरीच्या जागी चपातीच आली. गव्हाचे पीठ बाजारातून आणायचे, तेही आधी खिशातून.