शब्दवेध : संवाद

‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘वद्’ म्हणजे बोलणे, त्यातून ‘संवाद’. संस्कृतात त्याला जुळण्याचा, एकमताचाही अर्थ आहे. म्हणूनच त्याच्या उलट ‘विसंवाद’. कामगार संघटना आणि मालक यांच्या वाटाघाटींनाही युरोपात ‘सामाजिक संवाद’ म्हणतात. १९८५ साली ब्रसेल्समधल्या वाल दुशेस वाड्यात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर यांनी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवले. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये युरोपीय देशांच्या केंद्रीय प्रशासनातल्या कर्मचारी संघटना आणि सरकारी मालकपक्ष यांनी कर्मचाऱ्यांच्या माहिती व सल्लामसलतीच्या हक्कांचा करार केला. त्याला कायद्याचे रूप द्यावे, ही दोघांची विनंती आयोगाने २०१८ साली फेटाळली. २०२१ साली युरोपीय न्यायालयानेही आयोगाच्याच बाजूने कौल दिला. दोन्ही पक्षांच्या एकमतालाही कायद्याचे बळ मिळणार नसेल, तर तो संवाद अर्धाच म्हणावा लागेल.