पोपटीचं मडकं आणि आजीचं नाक

आज पोपटीबद्दल बोलायचं आहे.

जुन्या पाककृतींचा इतिहास बघायचा, तर लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. पण पेण-रोह्याची पोपटी आपल्याकडे आली ती शेताच्या बांधावरून, आजा-आजीच्या हातून. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं 1981 साली.

तिचं मूळ भातशेतीत आहे. भात कापलं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा. थंडी पडली की शेंगा भरतात. बांधावर भांबुर्डा आपोआप उगवलेला असतो, पेंढा घरचा, जाडं मीठ पेणच्या मिठागरांचं. विकत घ्यायचं ते फक्त मडकं आणि ओवा.

मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, हवे तर बटाटे, अंडी, कोंबडी. तोंड पाल्यानेच गच्च भरायचं, मडकं उपडं ठेवायचं, भोवती जाळ. पाण्याचा थेंबही नाही. शेंगा आणि पाला यांच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. साधारण अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन लगेच सुकलं, की झाली पोपटी. आमच्या सासूबाई पाणीही शिंपडत नाहीत, नुसत्या वासावर सांगतात. मला अजून जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू!

नातवंडांची गरज लागते ती पाला आणायला. गेल्या पौषात पनवेलहून आलेला नातू भलताच पाला घेऊन आला. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “चुरगाळ आणि वास घे.” तीनदा चुकला, चौथ्यांदा बरोबर आणला.

पण मला काळजी वाटते ती बांधाची. रोह्याजवळ धाटावला कारखाने आले, इकडे जमिनी विकल्या गेल्या, भातानंतर पुष्कळ शेतं पडीक राहतात. वाल बाजारात मिळतो, भांबुर्डा मिळत नाही. आता शेतघरांवर पर्यटकांसाठी पोपटी लावतात. त्यातून बचतगटांना चार पैसे मिळतात, ते चांगलंच आहे. तरी तिथे पाला आयता आणलेला असतो.

यंदा आम्ही घरामागे दोन ओळी वाल पेरला आहे. नातवाने फोनवर विचारलं, “आजी, भांबुर्डा उगवला का?” सासूबाई म्हणाल्या, “तू ये, मग तूच बघ.”