दिनविशेष : १० जून

१७९७ : अमेरिकेचे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीशी झालेल्या तहावर सही केली. भूमध्य समुद्रात तिथल्या चाच्यांकडून अमेरिकी व्यापारी जहाजे लुटली जात, खलाशी कैद होत. ते थांबावे म्हणून हा तह होता. ‘अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही,’ असे त्याचे ११वे कलम सांगते. ७ जूनला सिनेटने तो एकमताने मंजूर केला होता. अरबी प्रतीत हे कलम नाही, असे पुढे आढळले. पण सिनेटने मान्यता दिली ती ते कलम असलेल्या इंग्रजी मजकुराला. अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्मली का, या वादात म्हणूनच ही साक्ष मोलाची. श्रद्धा ज्याची त्याची, राज्य मात्र सर्वांचे!