बीड जिल्ह्यातील पेयजलाची रासायनिक गुणवत्ता व शासकीय नियमन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या इतिहासलेखनात पाण्याचा प्रश्न प्रामुख्याने टंचाईच्या अंगाने अभ्यासला गेला आहे. पर्जन्यछायेतील बीड जिल्हा त्यास अपवाद नाही. तथापि उपलब्ध पाणी पिण्यास योग्य आहे काय, या प्रश्नाची शासकीय हाताळणी हाही इतिहासाचा विषय होय. प्रस्तुत निबंधात १९७२ नंतरच्या कालखंडातील या हाताळणीचा आढावा घेतला आहे.

दुष्काळ व विंधन विहीर :
१९७२ च्या दुष्काळात आड व विहिरी आटल्या, तेव्हा शासनाने कठीण खडकात विंधन विहिरी घेण्याचा मार्ग स्वीकारला. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अस्तित्वात आली. गावोगावी हातपंप, म्हणजेच बोलीतील ‘हापसा’, उभा राहिला. झाकलेल्या स्रोताचे हे पाणी सुरक्षित मानले गेले आणि जंतूंच्या दृष्टीने ते बव्हंशी खरेही होते. परंतु खडकात दीर्घकाळ राहिलेल्या पाण्यात फ्लोराइड विरघळू शकते. तर खते, गोठे व शोषखड्डे यांतून नायट्रेट जमिनीत झिरपते. एक दोष खालून येतो, दुसरा वरून. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत नायट्रेटबाधित जिल्ह्यांमध्ये बीडचा समावेश आहे.

नियमनाचे स्वरूप :
महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला; केंद्राचा कायदा १९७४ चा. दोहोंचा रोख मुख्यतः कारखाने व नगरांच्या सांडपाण्यावर होता. खडकातून येणाऱ्या फ्लोराइडला कोणी आरोपी नसतो आणि शेतातून झिरपणाऱ्या नायट्रेटला असंख्य असतात. अशा दोषांना हे कायदे अपुरे पडले. १९९३ च्या राज्य कायद्याचे नावच पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे नियमन असे होते. मात्र सार्वजनिक स्रोताजवळ नवी विहीर घेण्यास मनाई करून त्याने मुख्यतः पाण्याचे प्रमाण जपले. गुणवत्तेच्या संरक्षणाची तरतूद २००९ च्या भूजल अधिनियमात आली.

ग्रामपंचायत स्तरावरील व्यवस्था साथीच्या रोगांच्या अनुभवातून घडली. टीसीएल पावडर, जलसुरक्षक आणि स्रोतांच्या पाहणीनंतर मिळणारी लाल, पिवळी व हिरवी कार्डे ही तिची साधने होत. ती उपयुक्त आहेत. परंतु टीसीएलने नायट्रेट वा फ्लोराइड नाहीसे होत नाही आणि पाणी उकळल्यास त्यांचे प्रमाण उलट वाढते.

मानक व बंधन :
भारतीय मानक १०५०० हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९१ आणि २०१२ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. नायट्रेटसाठी ४५ मिलिग्रॅमची मर्यादा असून २०१२ च्या आवृत्तीत तीत शिथिलता नाही. मात्र सार्वजनिक पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेवर हे मानक स्वतःहून कायदेशीर बंधन घालत नाही. याउलट बाटलीबंद पाण्यास २००१ मध्ये मानकचिन्ह सक्तीचे झाले व ती सक्ती २०२४ पर्यंत राहिली. विकत घेणाऱ्यास जे संरक्षण मिळाले, ते हापशावरील कुटुंबास मिळाले नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार प्रकरणात प्रदूषणमुक्त पाणी जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानले, तरी हे अंतर कायम राहिले. २०१९ च्या जल जीवन मिशनने हेच मानक नळजोडणीसाठी स्वीकारले व गावातील महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद केली. परंतु ती योजनेची अट आहे, नागरिकाचा कायदेशीर दावा नव्हे.

निष्कर्ष :
बीडसारख्या जिल्ह्यात शासनाने प्रथम प्रमाण, नंतर जंतू व अखेरीस रसायने असा क्रम अनुसरला. तो परिस्थितीतून आला असला, तरी त्याची किंमत वरच्या दुधावरील अर्भके आणि दात घडण्याच्या वयातील मुले मोजतात. या पाण्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही सहसा कळत नाही. म्हणून तक्रारही होत नाही. तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत लावणे आणि मर्यादा ओलांडल्यास ठरावीक मुदतीत पर्यायी स्रोत देणे, या दोन गोष्टी कायद्याने बंधनकारक झाल्याशिवाय मोजमापाचे रूपांतर संरक्षणात होणार नाही.