इंदूरचे खत आणि सोयाबीनची कीड

उदयनगरकडे पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात एखादे पान मान टाकून सुकलेले दिसले, तर त्याचा देठ पाहावा. चक्रीभुंग्याची मादी देठावर दोन कडी कोरते व मधल्या जागेत अंडे घालते; पुढे अळी खोड पोखरीत खाली उतरते. कडी पडलेला भाग वेळीच खुडून नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पण हात आधी जातो तो फवारणीच्या पंपाकडे.

माळव्यात एकेकाळी किडीचा विचार निराळ्या रीतीने झाला होता. होळकर दरबाराच्या जमिनीवर 1924 साली इंदुरास वनस्पती-संशोधनाची संस्था उभी राहिली. काम मुख्यतः कापसाचे. संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांचे मत असे, की कीड हे रोगाचे मूळ नव्हे. जमीन किंवा वाण चुकल्याची ती खूण. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर रचून, ते उलथीत सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ येथलीच. 1935 साली गांधीजी ती मुद्दाम पाहून गेले.

हॉवर्डांचे म्हणणे मला सर्वस्वी पटत नाही. भुंगा कसदार शेतही सोडीत नाही. परंतु 1970 नंतर पसरलेले हे एकच पीक आपण दर खरिपात घेतो, त्याचे काय?

या पद्धतीवरील 1931 च्या इंग्रजी ग्रंथावर हॉवर्डांच्या जोडीला संस्थेतील रसायनतज्ज्ञ यशवंत डी. वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड जगभर वाचले गेले. वाडांचे नाव मात्र आपल्या घरांतही क्वचितच निघते.