सामानसाठवण, भाड्याच्या कोठडीतील

राहत्या घरातून काही काळासाठी हलवावे लागलेले लाकडी व इतर घरगुती सामान, दरमहा भाडे भरून घेतलेल्या आणि जिची किल्ली सामानाच्या धन्याजवळच राहते अशा स्वतंत्र कोठडीत, पुन्हा वापरण्याजोग्या स्थितीत राहील अशा रीतीने ठेवण्याच्या व्यवस्थेला ही संज्ञा देतात. अशा कोठड्यांचा धंदा अमेरिकेत, विशेषतः टेक्सास राज्यात, १९६० नंतरच्या दशकात उभा राहिला. भारतातील मोठ्या शहरांत तो एकविसाव्या शतकात आला. मुंबईत त्याची निकड मुख्यतः पुनर्विकासामुळे भासते. जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडावा लागतो, आणि त्या खोल्यांत आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट, शिसवी पलंग व पितळी कड्यांचा झोपाळा यांना जागा नसते.

पूर्वीची वखार आणि ही कोठडी यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर आहे. वखारवाल्याच्या हवाली केलेला माल ही अमानत होय, आणि सामान्य शहाणा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची जितकी काळजी घेईल तितकी त्या मालाची घेण्यास भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १५१ अन्वये वखारवाला बांधलेला असतो; परंतु जेथे कुलूपही धन्याचे आणि किल्लीही धन्याची, तेथे मालाचा ताबा दुसऱ्यास दिला असे म्हणणे कठीण जाते, आणि करारनामाही बहुधा जागेपुरतीच जबाबदारी पत्करणारा असतो. यास्तव सही करण्यापूर्वी विमा कोणी उतरवायचा व भाडे थकल्यास काय व्हायचे ही दोन कलमे सावकाश वाचावीत, आणि प्रत्येक नगाची, त्यावरील आधीच्या ओरखड्यांसह, तपशीलवार फर्द करून तिला छायाचित्रे जोडावीत.

तथापि सामानाचा नाश चोरीने क्वचित आणि ओलाव्याने वारंवार होतो. लाकूड चिरून, तासून, त्यावर पॉलिश चढवून पन्नास वर्षे लोटली तरी हवेतील दमटपणाशी चाललेली त्याची देवघेव थांबत नाही: आषाढ-श्रावणात ते ओल घेऊन रुंदीकडे फुगते, उन्हाळ्यात ती सोडून आकसते, लांबीत मात्र हा फरक जवळजवळ जाणवत नाही, आणि हे जाणूनच जुन्या सुतारांनी कपाटाच्या दारातील मधली फळी सरस न लावता चौकटीच्या खाचेत मोकळी बसवली. मुंबईच्या पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांपुढे गेले की कुजविणारी बुरशी त्यात जीव धरते, आणि पृष्ठभागावरची पांढरट-हिरवी बुरशी तर त्याच्याही आधी दिसू लागते.

म्हणून सामानाला बंदिस्त आच्छादनापेक्षा हवेची गरज अधिक, आणि नेमकी हीच गोष्ट बांधणी करताना विसरली जाते. प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ज्येष्ठात आत ठेवलेले कपाट आश्विनात उघडावे, तो कागदाच्या आतल्या अंगाला घामासारखे थेंब जमलेले असतात, लाखेच्या पॉलिशवर दुधाळ डाग पसरलेले असतात, आणि जेथे कागद दाबून बसला होता तेथे पॉलिश त्याच्याबरोबरच सुटून येते. खण फुगून अडकलेला असतो व ओढून काढल्यास कुबट वासाचा लोट अंगावर येतो. प्लॅस्टिक टेम्पोच्या प्रवासापुरते ठीक. कोठडीत पोहोचताच ते सोडून त्या जागी धुतलेले मांजरपाट किंवा जुनी सुती चादर सैलसर घालावी. ही एक दक्षता बाकीच्या सर्व खर्चिक उपायांहून मोलाची आहे.

कीड हा दुसरा शत्रू. पलंगाच्या पायाशी मैद्यासारख्या पिठाची बारीक ढिगुळी दिसली, तर भुंगेऱ्याची अळी लाकूड आतून खात आहे असे समजावे. तिला सागाचा गाभा रुचत नाही, बाहेरचे फिकट, पिष्टयुक्त लाकूड रुचते, आणि ज्या नगात ती आधीच शिरली आहे तो औषधोपचारावाचून इतर सामानाशेजारी ठेवणे म्हणजे तिला वाट करून देणे होय. वाळवी जमिनीतून मातीची नळी करीत चढते, म्हणून भिंतीपासून वीतभर जागा मोकळी सोडावी व प्रत्येक नग लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवावा. डांबरगोळ्या कपड्यांच्या पेटीत ठेवाव्यात, पॉलिशवर थेट ठेवू नयेत.

पलंगाची गाती सोडवून आडवी ठेवावीत, त्यांचे बोल्ट व चाव्या चिंधीत बांधून त्याच पलंगाच्या फळीला लटकवाव्यात. आरसे व संगमरवरी फळ्या उभ्या, गाद्या आडव्या. वेताच्या खुर्चीवर कशाचेही ओझे नको. कपाटांची दारे किंचित उघडी राहतील अशी सोय करावी आणि मधून एका माणसाला शेवटच्या भिंतीपर्यंत जाता येईल एवढी वाट ठेवावी. ती नसली की तपासणी होत नाही.

कोठडी निवडताना तळमजला टाळावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा सखल भागांतील तळमजल्यांवर पाणी शिरून लोकांचा संसार भिजला. पत्र्याच्या छपराखालची जागाही नको. दुपारच्या उष्म्याने सांध्यांतील सरस सुटतो. जिथे हवा खेळती आहे किंवा यंत्राने कोरडी ठेवली जाते अशी वरच्या मजल्यावरची लहान जागा थोडे अधिक भाडे देऊनही घ्यावी, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी जाऊन चादरी झटकाव्यात, खण ओढून पाहावेत, पट्ट्यांखाली बॅटरी फिरवावी.

सामान नव्या घरी परत आणल्यावर ते लगेच उन्हात काढू नये. कोठडीत घेतलेली ओल झपाट्याने गेली तर वरचा थर आकसतो, आतला तसाच राहतो आणि फळीला तडा जातो. खोलीतच, पंख्याच्या झोतापासून दूर, दोन-तीन आठवडे ते उभे राहू द्यावे, खण आपोआप सैल सरकू लागले की मगच सुताराला व पॉलिशवाल्याला बोलवावे.